पॅकेटमागे एक पैसा: सेन्सरच्या जाळ्यात ब्लॉकचेनवरून पैसे द्यायचे, तर शुल्क कसे परवडणार?

शिवारयंत्र (प्रश्न)

नमस्कार. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागायतदारांच्या एका गटासाठी सेन्सरचे जाळे उभारण्याचे काम माझ्याकडे आहे. पानांवरचा ओलावा, तापमान, आर्द्रता आणि मातीतील ओल मोजणारे चाळीस नोड वेगवेगळ्या बागांत बसवलेले आहेत. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत डाऊनी आणि भुरी या रोगांचा अंदाज बांधायचा, तर प्रत्येक नोडची नोंद दर पंधरा मिनिटांनी पोहोचली पाहिजे. नोड लोरावॅन या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीवर चालतात, म्हणजे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त पट्ट्यात ते पॅकेट सोडतात आणि ज्या गेटवेला ते ऐकू जाईल, तो गेटवे इंटरनेटवरून ते आमच्या सर्व्हरपर्यंत नेतो.

अडचण अशी की सगळे गेटवे गटाच्या मालकीचे नाहीत. काही शेजारच्या गावांतील, गटाबाहेरच्या शेतकऱ्यांच्या घरांवर आहेत आणि एक कृषिसेवा केंद्राच्या गच्चीवर आहे. वीज आणि डेटापॅकचा खर्च ते करतात, तेव्हा त्यांनी पोहोचवलेल्या प्रत्येक पॅकेटमागे त्यांना एक पैसा मिळावा, असे सर्वांना मान्य आहे. मात्र पॅकेटे किती पोहोचली, याबाबत गट गेटवेवाल्यांचा आकडा मानायला तयार नाही आणि गेटवेवाले गटाचा. म्हणूनच ब्लॉकचेनचा, म्हणजे कोणा एकाच्या ताब्यात नसलेल्या सामायिक नोंदवहीचा, विचार सुरू झाला.

हिशेब मांडला आणि तिथेच थांबलो. एका नोडची दिवसाला ९६ पॅकेटे होतात, वर्षाला ३५,०४० होतात. म्हणजे वर्षाचे ३५० रुपये. इथेरियम या ब्लॉकचेनवर साधे हस्तांतरण करायला २१,००० गॅस लागतो (गॅस हे तिथले कामाचे माप). गॅसचा दर १० ग्वेई (ग्वेई म्हणजे इथर या तिथल्या चलनाचा अब्जांश) आणि एका इथरची किंमत २ लाख रुपये धरली, तर एका व्यवहाराचे शुल्क ४२ रुपये होते, म्हणजे एक पैसा देण्यासाठी ४,२०० पैसे खर्च करायचे. स्वस्त म्हणून सोलानाकडे पाहिले, तर तिथे एका डिजिटल सहीमागे ५,००० लॅम्पोर्ट (लॅम्पोर्ट म्हणजे सोल या तिथल्या चलनाचा अब्जांश) मूळ शुल्क आहे. एका सोलची किंमत १०,००० रुपये धरली, तर ते पाच पैसे होते. म्हणजे स्वस्तातल्या ब्लॉकचेनवरही द्यायच्या रकमेच्या पाचपट शुल्क पडते.

शिवाय नोडच्या मर्यादा आहेत. मायक्रोकंट्रोलर लहान आहे आणि बॅटरी निदान तीन हंगाम टिकावी अशी अपेक्षा आहे. गेटवे दूर असला की नोड एसएफ१२ या सर्वांत संथ, पण दूरवर पोहोचणाऱ्या प्रसारणावर जातो आणि तिथे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ५१ बाइट मजकूर बसतो. इथेरियमची एक सहीच किमान ६४ बाइटची असते, म्हणजे नोंद बाजूलाच राहिली, सहीसुद्धा एका पॅकेटात मावत नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे: अशा उपकरणांसाठी शुल्क खऱ्या अर्थाने परवडण्याजोगे करण्याचा सिद्ध मार्ग कोणता? पैसे नोडनेच द्यावेत, की दुसऱ्या कोणी? आणि शुल्कच नसलेल्या ब्लॉकचेनबद्दल बरेच वाचनात येते, त्यांच्यावर विसंबावे का?

कूटलेख

आपल्या हिशेबातील आकडे योग्य आहेत, पण त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ब्लॉकचेनवरचे शुल्क रकमेवर आकारले जात नाही, ते नोंदीवर आकारले जाते. एक पैसा पाठवा किंवा एक कोटी, साध्या हस्तांतरणाचा २१,००० गॅस तेवढाच राहतो, कारण ब्लॉकचेन सांभाळणाऱ्या जगभरातील प्रत्येक संगणकाला तो व्यवहार तपासावा लागतो आणि त्याचा परिणाम जपून ठेवावा लागतो. त्यामुळे ‘शुल्क कमी कसे करावे’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आपण विचारायला हवे ते असे, की ब्लॉकचेनवर नोंद करावी लागेल असे क्षण हंगामात किती आहेत. माझ्या मते दोनच आहेत: सुरुवातीला ठेव ठेवताना आणि शेवटी हिशेब चुकता करताना. मधल्या हजारो पॅकेटांसाठी दोन्ही पक्षांकडे फक्त नाकारता न येणारा पुरावा हवा. दुधाच्या रतीबात रोज माप पडते आणि पैसे महिन्याला दिले जातात, तसेच हे आहे. फरक इतकाच की इथे दोघांचाही एकमेकांच्या वहीवर विश्वास नाही.

तो पुरावा अत्यंत स्वस्तात निर्माण करण्याची युक्ती ब्लॉकचेनपेक्षा बरीच जुनी आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ साली पासवर्डसाठी हॅशची (म्हणजे माहितीपासून काढलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या ठशाची) साखळी सुचवली आणि रॉन रिव्हेस्ट व आदि शमीर यांनी १९९६ साली ‘पेवर्ड’ या योजनेत तिचा उपयोग सूक्ष्म रकमांसाठी केला. पैसे देणारा एक गुप्त संख्या निवडतो, तिचा हॅश काढतो, त्या हॅशचा पुन्हा हॅश काढतो आणि असे हवे तितक्या वेळा करतो. शेवटची कडी तो सुरुवातीलाच जाहीर करतो. आपल्या बाबतीत ती ठेवीसोबत कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या करारात, नोंदवली जाईल; ठेव आणि साखळीच्या या जोडीला चॅनल म्हणतात. मग प्रत्येक पॅकेटमागे तो उलट दिशेने एकेक कडी उघड करतो. घेणारा नव्या कडीचा एकदा हॅश काढतो आणि तो आधीच्या कडीशी जुळला, की एक पैसा मिळाला असे समजतो. पुढची कडी स्वतः तयार करणे त्याला अशक्य असते, कारण हॅश उलटा फिरवता येत नाही, आणि देणाऱ्याला उघड केलेली कडी परत घेता येत नाही. शेवटी घेणाऱ्याने फक्त सर्वांत अलीकडची कडी कॉन्ट्रॅक्टपुढे ठेवायची; ती कितवी आहे यावरून एकूण रक्कम ठरते. प्रत्येक वेळी नवी सही लागत नाही आणि एका हॅशचे गणित अगदी साध्या मायक्रोकंट्रोलरलाही जड नाही.

आपला हंगाम १२० दिवसांचा धरला, तर एका नोडची साखळी ११,५२० कड्यांची होईल आणि तिची किंमत ११५ रुपये २० पैसे. मधेच काही पॅकेटे हरवली तरी साखळी तुटत नाही. पुढची कडी मिळाली की घेणारा दोन-तीनदा हॅश काढून मागच्या ओळखीच्या कडीपर्यंत पोहोचतो. अर्थात त्यामुळे हरवलेल्या पॅकेटांचेही पैसे गेटवेला मिळतात. त्या तुटीवर मी वेळ घालवणार नाही. दर ठरवतानाच तेवढी सूट धरावी.

हिशेब चुकता करताना मात्र एक खाचखळगा आहे. कॉन्ट्रॅक्टने शेवटच्या कडीपासून पहिल्या जाहीर कडीपर्यंत स्वतः हॅश काढत जायचे ठरवले, तर प्रत्येक हॅशला आजूबाजूच्या सूचनांसह शंभर ते दीडशे गॅस लागतो, म्हणजे ११,५२० कड्यांसाठी साधारण साडेअकरा ते सव्वासतरा लाख गॅस. सगळी बचत तिथेच संपेल. म्हणून आठवड्यातून एकदा देणाऱ्याने आपल्या फोनवरून किंवा सर्व्हरवरून एक सही करून द्यावी: ‘या चॅनलमधील अमुक क्रमांकाची कडी ही आहे.’ मग कॉन्ट्रॅक्टला एक सही तपासावी लागते, ज्याला इथेरियमवर ३,००० गॅसची सोय आहे, आणि त्यानंतरच्या फार तर ६७२ कड्या मोजाव्या लागतात. देणाऱ्याने सही द्यायचे नाकारले, तरी घेणाऱ्याचा हक्क बुडत नाही. त्याला फक्त महागाचा मार्ग घ्यावा लागतो.

कडी खुद्द नोडनेच पाठवायची ठरवली, तर हवेतील वेळेचा हिशेब करावा. ३२ ऐवजी १६ बाइटची छाटलेली कडी या कामाला पुरेशी आहे, मात्र हॅश काढताना त्यात चॅनलचा क्रमांक मिसळावा. २० बाइटची नोंद एसएफ१२ वर सुमारे १.८ सेकंद हवेत असते. १६ बाइट वाढवले की तीच २.३ सेकंदांवर जाते. प्रसारणावर खर्च होणारी ऊर्जा सव्वापटीहून जास्त होते, हे बॅटरीच्या गणितात आधीच धरलेले बरे.

नोंदीसाठी इथेरियमची मूळ ब्लॉकचेन नको, त्यावर उभा असलेला, अनेक व्यवहार एकत्र करून तिथे नोंदवणारा एखादा रोलअप निवडावा. १३ मार्च २०२४ च्या ‘डेनकन’ सुधारणेने रोलअपना आपली माहिती ‘ब्लॉब’ नावाच्या वेगळ्या, सुमारे अठरा दिवसांनी टाकून दिल्या जाणाऱ्या जागेत ठेवण्याची मुभा दिली आणि त्यानंतर तिथली शुल्के खूपच खाली आली. पण रोलअप कितीही स्वस्त झाला, तरी प्रत्येक पॅकेट त्यावर नोंदवण्याच्या मोहात पडू नये. गर्दी झाली की शुल्क वाढते आणि नेमके कधी वाढेल, हे आपल्या हातात नसते.

लोरावाटसरू

वरील उत्तरातील हॅश-साखळी मला पूर्ण मान्य आहे, पण ती नोडवर ठेवण्यास माझा ठाम विरोध आहे. कारणे बॅटरीपलीकडची आहेत.

पहिली गोष्ट, लोरावॅनमध्ये पॅकेटातील मजकूर एईएस या पद्धतीने कूटबद्ध होऊनच हवेत जातो. गेटवेकडे त्याची किल्ली नसते आणि नसावीही. म्हणजे नोडने मजकुरात घातलेली कडी गेटवेला वाचताच येणार नाही. सर्व्हरने ती उलगडून परत पाठवली तरच ती त्याच्या हाती पडेल. मग गेटवेला पैसे देणारा प्रत्यक्षात सर्व्हरच झाला आणि नोडने विनाकारण अर्धा सेकंद जास्त प्रसारण केले. दुसरी गोष्ट, एकच पॅकेट दोन-तीन गेटवेंना ऐकू जाते, हा तर लोरावॅनचा गुणच आहे. नोडला त्यांतला कोणता गेटवे ते पोहोचवणार हे सोडताना माहीत नसते, तेव्हा कोणाच्या नावाची कडी पाठवायची, हे तो ठरवू शकत नाही. तिसरी गोष्ट साधी आहे: बागेच्या मधोमध, खांबावर, कुलूप नसलेल्या डबीत पैसे देण्याचा अधिकार ठेवू नये.

म्हणून माझी शिफारस अशी की गटाच्या सर्व्हरने प्रत्येक गेटवेसाठी वेगळी हॅश-साखळी ठेवावी आणि पॅकेट मिळाल्याबरोबर पावती म्हणून त्या गेटवेला इंटरनेटवरून पुढची कडी पाठवावी. लोरावॅनच्या प्रत्येक पॅकेटला चार बाइटची पडताळणी-खूण असते, जी फक्त किल्ली असलेला सर्व्हर तपासू शकतो. त्यामुळे गेटवेने बनावट पॅकेटे तयार करून पैसे उकळण्याचा मार्ग बंद होतो. एकच पॅकेट दोघांनी आणले, तर पहिल्याला द्यायचे की दोघांना, हा धोरणाचा प्रश्न आहे. मी पहिल्याला पूर्ण आणि दुसऱ्याला काही नाही असे करणार नाही, कारण त्यामुळे चांगल्या इंटरनेटवाला गेटवेच सगळे कमावतो आणि दरीतला, पण एरवी एकटाच ऐकणारा गेटवे बंद पडतो.

सर्व्हरने पॅकेट घेऊन कडी दिलीच नाही तर? तर गेटवेचे नुकसान एका पैशाचे होते आणि तो पुढचे पॅकेट नेणे थांबवू शकतो. इतक्या लहान रकमांच्या व्यवहाराचे हेच बलस्थान आहे की उधारी एका पॅकेटपुरतीच राहते, त्यामुळे तंट्यांसाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. मात्र थांबण्याआधी गेटवेच्या सॉफ्टवेअरने दहा-वीस पॅकेटांची सवलत द्यावी, नाहीतर सर्व्हरचे नेट पाच मिनिटे गेले की सगळे जाळे रुसून बसेल.

या प्रश्नाचे सर्वांत मोठे प्रत्यक्ष उदाहरण हीलियमचे आहे. त्या लोरावॅन जाळ्यात २४ बाइटपर्यंतच्या पॅकेटला एक ‘डेटा क्रेडिट’ लागते आणि त्याची किंमत ०.००००१ डॉलर अशी बांधलेली आहे. आपल्या ३५,०४० पॅकेटांची, ती २४ बाइटांत बसली तर, वर्षाची किंमत ३५ सेंट, म्हणजे तीस रुपयांच्या आसपास होते. स्वतःची खास ब्लॉकचेन असूनही त्यांनी पॅकेटे एकेक करून तिच्यावर कधीच नोंदवली नाहीत. हॉटस्पॉट (म्हणजे तिथले गेटवे) आणि राउटर (म्हणजे पॅकेटे घेणारा सर्व्हर) यांच्यात स्टेट चॅनल, म्हणजे ब्लॉकचेनबाहेर चालणारे खाते, असत, पैसे राउटर देई आणि चॅनल बंद होताना एकत्रित आकडा नोंदवला जाई. एप्रिल २०२३ मध्ये ते सोलानावर गेले, तेव्हा पॅकेटांची मोजदाद ब्लॉकचेनबाहेरच्या सेवांकडे सोपवण्यात आली. उपकरणाने स्वतः पैसे दिले असे तिथे कधीच नव्हते.

त्याच जाळ्यातून दुसरा धडाही घेण्यासारखा आहे. २०२० साली पॅकेट वाहण्याबद्दल मिळणारे बक्षीस हे पॅकेटच्या किमतीपेक्षा जास्त भरू लागले, तेव्हा काही जणांनी स्वतःच्याच हॉटस्पॉटवरून निरर्थक पॅकेटे सोडून बक्षिसे मिळवली. शेवटी बक्षिसाची सांगड प्रत्यक्ष खर्च झालेल्या क्रेडिटशी घालावी लागली. आपण एक पैसा देत असताना गटाने वरून एखादी ‘प्रोत्साहन योजना’ लावली, तर तिचा हिशेब आधी करून पाहावा.

सर्व्हरने पैसे देण्याचा आणखी एक फायदा थेट शुल्काशी संबंधित आहे. चाळीस नोडांची चाळीस चॅनल उघडायची, तर प्रत्येक ११५ रुपयांमागे दोन व्यवहारांचे शुल्क पडते. रोलअपवर उघडणे आणि बंद करणे मिळून समजा चार रुपये लागले, तर तो साडेतीन टक्के झाला. चाळीस नोडांची हंगामाची रक्कम ४,६०८ रुपये आहे. ती पाच-सहा गेटवेंच्या चॅनलांत विभागली, तर हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या जवळपास येते.

हिशेबनीस

शुल्क नसलेल्या ब्लॉकचेनबद्दल विचारले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो आणि मग एका वेगळ्या खर्चाकडे लक्ष वेधतो.

शुल्क नाही याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही. नॅनो या बिनशुल्क चलनात व्यवहार पाठवणाऱ्याला थोडे संगणन करून ‘प्रूफ ऑफ वर्क’ द्यावे लागते. फुकट असल्यामुळे कचरा-व्यवहारांचा पूर आणणेही स्वस्त पडते आणि मार्च २०२१ मध्ये तसा हल्ला होऊन ते जाळे मंदावले होते. आयओटा हे तसेच दुसरे जाळे तर मुळात जोडलेल्या उपकरणांसाठीच मांडले गेले. पण तिथे अंतिम मान्यतेसाठी एक केंद्रीय ‘कोऑर्डिनेटर’ होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वॉलेटमधून चोरी झाल्यावर तो थांबवला गेला, तेव्हा काही आठवडे पैशांचे व्यवहारच बंद राहिले. २०२५ च्या सुधारणेनंतर आयओटानेही निराळी रचना स्वीकारली आहे आणि तिच्यात अल्प का होईना, शुल्क आहे. दहा वर्षांची धडपड जिथे येऊन थांबली, तिथून आपण सुरुवात करावी असे मला वाटते.

आता दुसरा खर्च. भारतात २०२२ पासून ‘आभासी डिजिटल मालमत्ते’च्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्यात तोटा वजा घालता येत नाही, आणि वर्षाला १०,००० रुपयांच्या, काही वर्गांतील व्यक्तींसाठी ५०,००० रुपयांच्या, मर्यादेपलीकडे मोबदल्यातून १ टक्का टीडीएस कापावा लागतो. डॉलरशी किंमत बांधलेली टोकनेही यातून सुटत नाहीत. आपल्या रकमा आज मर्यादेच्या आत आहेत. परंतु गेटवेवाल्या शेतकऱ्याला दर हंगामाला हजारभर रुपयांची टोकने देऊन ती रुपयांत आणण्याचे, नोंदणीकृत एक्स्चेंजवर केवायसी करण्याचे आणि विवरणपत्रात दाखवण्याचे काम लावले, तर गॅसवर वाचवलेले सगळे चार्टर्ड अकाउंटंटच्या दारात जाईल.

म्हणून वरच्या दोन्ही उत्तरांतील विचार मी एक पाऊल पुढे नेतो. पॅकेटे किती झाली याचा पुरावा हॅश-साखळी देते, आणि तिला ब्लॉकचेनची गरज नाही. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक साखळीची जाहीर कडी करारपत्रावर छापून दोघांनी सह्या कराव्यात. महिनाअखेर गेटवेने शेवटची कडी दाखवावी, क्रमांक मोजावा आणि गटाने यूपीआयने पैसे पाठवावेत. चाळीस नोडांचे महिन्याचे १,१५२ रुपये होतात आणि यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला व्यवहारशुल्कही नाही. आपला मूळ वाद आकड्यांचा होता; पैसे बुडवले जातील अशी भीती आपण कुठे लिहिलेली नाही. ती नसेल, तर आधी ठेव ठेवून घेणारे कॉन्ट्रॅक्ट कशासाठी?

दशांश

हॅश-साखळीशिवाय आणखी एक मार्ग साहित्यात आहे, त्याची नोंद असावी म्हणून लिहितो. रिव्हेस्ट यांनी १९९७ साली सूक्ष्म रकमा सोडतीच्या तिकिटाने देण्याची कल्पना मांडली. राफाएल पास आणि अभी शेलत यांनी २०१५ मध्ये ती बिटकॉइनसारख्या चलनांना लागू केली आणि लाइव्हपीअर व ऑर्किड या प्रकल्पांनी ती प्रत्यक्ष वापरली. एक पैसा देण्याऐवजी दहा हजारांत एकदा लागणारे शंभर रुपयांचे तिकीट द्यायचे. सरासरी तीच राहते आणि ब्लॉकचेनवर फक्त लागलेली तिकिटे जातात. एकाच ठेवीवर अनेक गेटवेंना तिकिटे देता येतात, हा तिचा खरा फायदा आहे.

तरीही आपल्या आकारमानाला ती योग्य नाही. एकाच नोडची ११,५२० पॅकेटे नेणाऱ्या गेटवेला हंगामभरात एकही तिकीट न लागण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के येते. लाखो पॅकेटे वाहणाऱ्याच्या बाबतीत हा चढउतार विरून जातो. चार बागांपुरत्या गेटवेच्या मालकाला मात्र ‘सरासरीने तुम्हाला पैसे मिळाले आहेत’ हे पटवणे कठीण आहे, आणि मी ते पटवायला जाणारही नाही.

शिवारयंत्र

सर्वांचे आभार. साखळी नोडवर न ठेवता सर्व्हरवर ठेवण्याचा मुद्दा मान्य आहे. मजकूर कूटबद्ध असतो हे माहीत असूनही त्याचा या प्रश्नाशी संबंध लक्षात आला नव्हता. हिशेबनीस यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की गटातील आणि ओळखीच्या गेटवेंसाठी करारपत्र आणि यूपीआय हा मार्ग आम्ही घेऊच. परंतु पुढच्या हंगामात शेजारच्या तालुक्यातून, ओळख नसलेले काही गेटवे जोडले जाणार आहेत आणि त्यांची मागणी अशी आहे की पैसे आधी बाजूला काढून ठेवलेले दिसले पाहिजेत. करांची बाजू त्यांना समजावून सांगितली आहे. त्यांना ती मान्य आहे. त्यांच्यासाठी ठेव किती ठेवावी आणि चॅनलची मुदत कशी ठरवावी? कोणता गेटवे किती पॅकेटे नेईल हे आधी कळत नाही, त्यामुळे प्रत्येकासाठी पूर्ण हंगामाची ठेव अडकवणे गटाला जमणार नाही. बिटकॉइनवरच्या लाइटनिंगसारखी तयार व्यवस्था यासाठी वापरता येईल का, हेही सांगावे.

कूटलेख

लाइटनिंगबद्दल आधी. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी मांडलेली ती रचना दोन्ही दिशांनी पैसे फिरवण्यासाठी आहे, आणि त्यामुळेच तिथे जुनी, रद्द झालेली स्थिती कोणी ब्लॉकचेनवर टाकत नाही ना, यावर सतत लक्ष ठेवावे लागते. स्वतःला ते शक्य नसेल, तर ‘वॉचटॉवर’ नेमावा लागतो. खेड्यातील वीज आणि नेट गृहीत धरता ही अट जड आहे. शिवाय बिटकॉइनच्या नोड सॉफ्टवेअरमध्ये फार लहान रकमा ‘धूळ’ समजल्या जातात; जुन्या पद्धतीच्या पत्त्यासाठी ही मर्यादा ५४६ सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) आहे. तिच्याखालची वाटेतील रक्कम चॅनल मधेच बंद झाल्यास वेगळी वसूल करता येत नाही. आपले एक पैशाचे पॅकेट त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.

आपला प्रवाह एकाच दिशेचा आहे, सर्व्हरकडून गेटवेकडे, आणि त्यामुळे काम पुष्कळ सोपे होते. नवी कडी नेहमी जास्त रकमेचीच असते, त्यामुळे जुनी कडी दाखवून गेटवे स्वतःचेच नुकसान करील आणि सर्व्हरला तर चॅनल मुदतीपूर्वी बंद करण्याचा अधिकारच द्यायचा नाही. पहारा ठेवण्याची गरज उरत नाही. गेटवेने एकच तारीख पाळायची: मुदत संपण्यापूर्वी शेवटची कडी कॉन्ट्रॅक्टला द्यायची, कारण मुदत उलटल्यावर उरलेली ठेव गटाला परत घेता येते. काढणी लांबू शकते आणि गेटवेवाला त्या धांदलीत असतो, म्हणून मुदत काढणीच्या अपेक्षित तारखेनंतर किमान एक महिन्याची ठेवावी. ती तारीख गेटवेच्या सॉफ्टवेअरमध्येच घालून ठेवावी, म्हणजे माणसाला लक्षात ठेवावी लागणार नाही.

ठेवीसाठी हंगामाऐवजी पंधरवडा हे माप धरावे. अनोळखी गेटवे एकावेळी समजा दहा नोड ऐकतो, तर पंधरा दिवसांचे १४४ रुपये होतात. तेवढी ठेव ठेवून चॅनल उघडावे आणि ती संपत आली, की त्याच चॅनलमध्ये भर घालण्याची सोय कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवावी. मात्र हॅश-साखळी सुरुवातीलाच पूर्ण हंगामाच्या लांबीची जाहीर करावी, म्हणजे भर घालताना नवी साखळी नोंदवावी लागणार नाही. कॉन्ट्रॅक्टने देय रक्कम कडीच्या क्रमांकावरून काढावी, पण ती ठेवीपेक्षा जास्त होऊ देऊ नये, आणि गेटवेच्या सॉफ्टवेअरने ठेवीच्या मर्यादेवर पोहोचल्यावर, भर पडेपर्यंत, पॅकेटे स्वीकारणे थांबवावे. प्रत्येक भरीचे शुल्क लागते, तेव्हा पहिल्या दोन पंधरवड्यांत त्या गेटवेची खरी पॅकेटे किती ते दिसले, की पुढची भर महिन्याची किंवा उरलेल्या हंगामाची एकदम घालावी.

सर्व्हरच्या सहीबद्दल एक सूचना राहिली होती. साप्ताहिक सही सुरक्षित चिपमधून करायची असेल, तर एटीईसीसी६०८ सारख्या बाजारातील सामान्य चिपा पी-२५६ या वक्रावर (म्हणजे सहीच्या गणिताच्या एका प्रकारावर) सही करतात, तर इथेरियमची खाती सेकपी२५६के१ या वेगळ्या वक्रावर चालतात. पी-२५६ ची सही कॉन्ट्रॅक्टमध्ये सॉफ्टवेअरने तपासायची, तर दोन-तीन लाख गॅस सहज जातो. काही रोलअपवर तिच्यासाठी ३,४५० गॅसची अंगभूत सोय झालेली आहे आणि डिसेंबर २०२५ च्या ‘फुसाका’ सुधारणेत मूळ इथेरियमवरही, ६,९०० गॅसची, तशी सोय आली. रोलअप निवडताना ही सोय तिथे आहे का, ते आधी तपासावे. नसेल, तर सर्व्हरवर साधी सेकपी२५६के१ किल्ली ठेवून त्या खात्यात पंधरवड्याच्या ठेवीपेक्षा जास्त रक्कम कधीच न ठेवणे हा कमी खर्चाचा मार्ग आहे.